पुन्हा पुन्हा तीच चूक: अपूर्णांक, उणे संख्या आणि एककं यांतला घोळ कसा शोधायचा

इंदूरला मी घरीच सहावी ते आठवीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. नवीन मूल आलं की आईचं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं: "अहो, याला येतं सगळं, पेपरात सिली मिस्टेक करतो." कॉपी उघडून बघावी तर ती सिली मिस्टेक मागच्या पानावर आहे, त्याच्या मागच्या पानावर आहे आणि सहामाहीच्या पेपरातही आहे. दर वेळी त्याच जागी, त्याच पद्धतीने होणारी चूक निष्काळजीपणाची कशी म्हणायची? पोराच्या डोक्यात एक नियम पक्का बसलेला असतो. तो चुकीचा असतो, पण पोरगं तो इमानदारीने पाळत असतं. अशा मुलाला "आणखी पन्नास गणितं सोडव" म्हटलं की चुकीचा नियमच पन्नास वेळा घोटून होतो.

हे माझ्या एकटीच्या मनातलं नाही. जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांवर काम प्रसिद्ध केलं, त्यात हेच दाखवलं होतं. ५२ मधून २८ वजा करताना जो मुलगा ३६ लिहितो, तो ८३ मधून ४७ वजा करताना ४४ लिहिणार, हे आधीच सांगता येतं. त्याचा नियम आहे: प्रत्येक घरात मोठ्यातून छोटा काढायचा, मग कोण वर आहे आणि कोण खाली ते बघायचं नाही. हातचा घेण्याची भानगडच नको.

म्हणून निदान करायची माझी पद्धत साधी आहे. चूक दिसली की लगेच लाल पेन उचलायचं नाही. एकाच प्रकारची दोन-तीन चुकलेली उत्तरं शेजारी ठेवायची, मुलाला "हे कसं आलं, मला सांग" म्हणायचं आणि मध्ये न बोलता ऐकायचं. मग तशाच पुढच्या गणिताचं त्याचं चुकीचं उत्तर काय येईल ते स्वतःशी कागदावर लिहून ठेवायचं. त्याने नेमकं तेच लिहिलं, तर नियम सापडला. नाही लिहिलं, तर अजून सापडला नाही, आणि तोवर समजावून सांगण्यात काही अर्थ नाही. चुका दर वेळी वेगवेगळ्या येत असतील तर मात्र ती खरोखर धांदल असते. तिथे पाढे कच्चे आहेत का आणि फळ्यावरचं नीट दिसतंय का, हे आधी बघावं.

छेदसुद्धा मिळवून टाकणे

१/२ + १/३ = २/५. ही चूक सगळ्यांत जुनी, आणि "लसावि काढ, लसावि काढ" असं ओरडून ती जात नाही. मुलगा लसावि शिकतो, आठ दिवस नीट करतो आणि पुन्हा वर वर, खाली खाली मिळवायला लागतो. असं का, याचं एक कारण मला मुलांच्या कॉपीतच दिसतं. पहिल्या चाचणीत ७/१०, दुसरीत ८/१०, एकूण १५/२०. बाईंनी स्वतः लाल शाईने असं लिहिलेलं असतं आणि ते बरोबरही असतं! मग मुलाने अपूर्णांकांची बेरीज अशीच करायची असते असं समजलं तर त्याचं काय चुकलं?

इथे फरक उलगडून दाखवावा लागतो. गुणांच्या बेरजेत "पूर्ण" वाढतं: आधी दहापैकी होतं, आता वीसपैकी झालं. अपूर्णांकांच्या बेरजेत पूर्ण तेच राहतं. अर्धी पोळी आणि एक तृतीयांश पोळी हे एकाच मापाच्या पोळीचे तुकडे आहेत. दोन्ही मिळून त्याच एका पोळीचा किती भाग झाला, एवढंच विचारलेलं असतं.

यावरचा तपास-प्रश्न: "२/५ मोठा की १/२?" मूल थोडा विचार करून सांगतं की १/२ मोठा. मग विचारायचं, "अर्ध्यात आणखी काहीतरी घातलं आणि अर्ध्यापेक्षा कमी झालं?" इथे बहुतेक मुलं हसतात. ते हसू आलं की निम्मं काम झालं, कारण आता त्याच्याकडे आपलं उत्तर आपणच तपासायचं साधन आलं. लसावि त्यानंतर शिकवावा. अर्ध्याचे सहा भागांत तीन, तृतीयांशाचे सहा भागांत दोन, एकूण ५/६. छेद सारखा करणं म्हणजे तुकडे एकाच मापाचे करणं, हे हाताने कागदाची पट्टी दुमडून एकदा दाखवलं की लसावि हा शब्द भीतीदायक राहत नाही.

आपल्याकडच्या मुलांची आणखी एक अडचण असते. घरी आजोबा "तीन छेद चार" म्हणतात, हिंदी शाळेत "तीन बटा चार", इंग्रजी शाळेत "थ्री बाय फोर". आणि बाहेर प्लॉटवाला "पंधरा बाय पन्नास" म्हणतो तेव्हा तोच बाय गुणाकाराचा होतो. मूल शाळेत जे म्हणतं तेच घरी गणित घेताना म्हणावं, एवढा एक उपाय पुरतो.

सव्वापाचातून पावणेतीन

५ पूर्णांक १/४ वजा २ पूर्णांक ३/४. उत्तर येतं ३ पूर्णांक १/२. वर सांगितलेला "मोठ्यातून छोटा"च इथे नवे कपडे घालून आला आहे: पाचातून दोन गेले तीन, आणि पाऊणातून पाव गेला अर्धा. पावातून पाऊण जात नाही म्हणून हातचा घ्यावा लागतो हे त्याला सांगितलेलं असतं, पण पाचातला एक उसना घेऊन त्याचे ४/४ करायचे, ते १/४ मध्ये घालून ५/४ करायचे, हा प्रवास लांबचा आहे आणि वाटेत तो हरवतो.

मी आधी ते गणित मोठ्याने म्हणायला लावते. सव्वापाचातून पावणेतीन गेले, किती राहिले? तोंडी विचारलं की तोच मुलगा दुकानदारासारखा पुढे मोजतो. पावणेतीनपासून तीनपर्यंत पाव. तीनपासून सव्वापाचपर्यंत सव्वादोन. पाव आणि सव्वादोन मिळून अडीच. झालं. लेखी पद्धतीने ५ पूर्णांक १/४ म्हणजे २१/४, २ पूर्णांक ३/४ म्हणजे ११/४, वजाबाकी १०/४, म्हणजे अडीचच. दोन्ही उत्तरं जुळली की लेखी पद्धतीवर त्याचा विश्वास बसतो. आधी लेखी आणि मग तोंडी असा क्रम ठेवला तर हे होत नाही.

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांच्यात मराठी मुलाला फुकटात मिळालेलं भांडवल आहे आणि आपण ते वापरत नाही. आधीच्या पिढ्यांकडून शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी म्हणवून घेत. रुपया तेव्हा सोळा आण्यांचा होता, १ एप्रिल १९५७ पासून तो शंभर पैशांचा झाला. सोळाच्या पाढ्यावर वाढलेल्या माणसाला पाऊण म्हणजे बारा आणे हे कळायला कागद लागत नसे. आज औटकी कुणी पाठ करावी असं मी म्हणणार नाही, साडेतीनचा पाढा लागतो कुठे? दिडकी आणि अडीचकी मात्र दहापर्यंत करून घ्या. दशांशाच्या गणितात दीड आणि अडीच सारखे भेटतात.

अपूर्णांकाने भागणे

इथली चूक एका वाक्यात सांगता येते: ३ ÷ १/२ चं उत्तर मूल दीड लिहितं, कारण "अर्ध्याने भाग" हे त्याला "अर्धं कर" असं ऐकू येतं. "उलटा करून गुण" हा नियम त्याला पाठ असतो, पण कोणता उलटा करायचा ते विसरतं आणि कधी पहिलाच उलटा करतं. तीन लिटर दुधात अर्ध्या लिटरच्या थैल्या किती, एवढं विचारा. सहा हे उत्तर लगेच येतं. नियम नंतर. भागाकार म्हणजे "यात ते किती वेळा मावतं", हे पक्कं झालं की उत्तर मूळ संख्येपेक्षा मोठं आलं तरी मूल दचकत नाही.

"माइनस माइनस प्लस"

सातवीतला एक मुलगा −३ − ५ बघतो आणि +८ लिहितो. "काकू, माइनस माइनस प्लस होतं ना?" होतं की, पण कशात? हा मंत्र गुणाकार-भागाकाराचा आहे, आणि दोन चिन्हं एकमेकांना चिकटून आली तर, म्हणजे ५ − (−२) मध्ये. −३ − ५ मध्ये दोन उणे चिन्हं लांब लांब उभी आहेत, दोघांच्या मध्ये एक ३ आहे. मंत्र इतका सोपा आहे की मूल दोन आडव्या रेघा दिसल्या की म्हणून टाकतं.

यावर माझ्याकडे उधारीच्या वहीपेक्षा चांगला उपाय नाही. वाण्याकडे तीन रुपये उधार आहेत, वर पाच रुपयांची आणखी उधारी केली. किती उधारी झाली? आठ. म्हणजे −८. आणि ५ − (−२)? जवळ पाच रुपये आहेत आणि वाण्याने "जाऊ दे, तुझी ती दोनची उधारी माफ" म्हटलं. उधारी काढून टाकली की माणूस तेवढ्याने श्रीमंत होतो, म्हणून सात. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये उणे संख्यांचे नियम लिहिले ते धन आणि ऋण याच नावांनी लिहिले, म्हणजे ही वही फार जुनी आहे.

गुणाकारासाठी मात्र उधारी ताणू नका. "उधारीला उधारीने गुणलं" याचा अर्थ लावताना आपलीच दमछाक होते आणि मूल ओळखतं की आता काकू काहीतरी जुळवून सांगतायत. तिथे सरळ रांग लिहावी. −३ × २ = −६. −३ × १ = −३. −३ × ० = ०. खाली उतरताना उत्तर दर वेळी तीनने वाढतंय, हे मुलालाच म्हणू द्यावं. मग −३ × (−१) किती असायला हवं? तीन. रांग मोडायची नसेल तर दुसरं उत्तर शक्यच नाही.

उणेचा दुसरा अड्डा म्हणजे कंस. १० − (४ − ७) मध्ये मूल १० − ४ − ७ करून −१ लिहितं. कंसाबाहेरचं उणे पहिल्या संख्येलाच भेटलं, दुसऱ्यापर्यंत पोचलं नाही. आधी कंसाच्या आतलं सोडवून बघ म्हणावं: ४ − ७ म्हणजे −३, आणि १० − (−३) म्हणजे १३. दोन उत्तरं वेगळी आली की आपलं आपण कळतं. नंतर बीजगणितात कंसाच्या आत क्ष आणि य असतात, तेव्हा आतलं आधी सोडवता येत नाही. त्या वेळी ही सवय नसेल तर आठवी-नववीचं सगळं वर्ष त्यातच जातं.

उणे अडीच कुठे असतं?

ही चूक फार कमी लोक पकडतात, म्हणून जरा थांबून सांगते. संख्यारेषेवर −२ पूर्णांक १/२ दाखव म्हटलं की काही मुलं −२ वर बोट ठेवतात आणि अर्धा पुढे, म्हणजे उजवीकडे जातात. बोट −१ पूर्णांक १/२ वर. त्यांच्या मते उणे फक्त दोनला लागलंय आणि अर्धा आपला अधिकच आहे.

रेषेवर बरोबर दाखवणारी मुलंही बेरजेत मात्र तिथेच पडतात. −२ पूर्णांक १/२ + १ पूर्णांक १/४ घ्या. मूल पूर्ण भाग वेगळा करतं, −२ + १ = −१. अपूर्णांक वेगळा करतं, १/२ + १/४ = ३/४. आणि उत्तर लिहितं −१ पूर्णांक ३/४. कॉपी तपासणाऱ्याला लसावि बरोबर दिसतो, पूर्णांक बरोबर दिसतात, मग चुकलं कुठे ते कळत नाही आणि शेरा पडतो "काळजीपूर्वक सोडवा". उणे हे अख्ख्या अडीचला आहे, म्हणजे −२ आणि −१/२ दोन्ही. −१/२ + १/४ = −१/४, म्हणून उत्तर −१ पूर्णांक १/४. उपाय असा की उणे मिश्र संख्या दिसली की आधी ती अंशाधिक करायची: −५/२ + ५/४ = −१०/४ + ५/४ = −५/४. महिनाभर हाच कायदा ठेवावा, तोंडी करायला नंतर आयुष्य पडलंय.

गुणायचं की भागायचं?

एकक बदलताना मुलं सरळ नाणं उडवतात. ३ किमीचे मीटर करायचे, हजाराने गुणू की भागू? मी एकच प्रश्न आधी विचारते: आकडा वाढणार की कमी होणार? माप छोटं झालं की आकडा मोठा होतो. किलोमीटरपेक्षा मीटर छोटा, म्हणून तीनपेक्षा आकडा मोठाच यायला हवा. हा प्रश्न गणित सोडवायच्या आधी विचारायचा, उत्तर आल्यावर विचारून उपयोग नाही, कारण तेव्हा मूल आपल्या उत्तराची बाजू घेतं.

दुसरी सवय एककासकट लिहायची. ५४ किमी/तास चे मीटर/सेकंद करताना ५४ किमी/१ तास × १००० मी./१ किमी × १ तास/३६०० सेकंद असं मांडलं की किमी वर-खाली कटतो, तास कटतो, मीटर आणि सेकंद उरतात, आणि उत्तर १५. शिकवणी वर्गात ५/१८ ने गुणायचं पाठ करून घेतात. भंवरकुआँच्या कोचिंगमधली मुलं ते झटपट करतातही. पण उलट जायचं असलं की १८/५ की ५/१८ यात अडकतात. मांडणी येत असेल तर पाठांतर चुकलं तरी गणित वाचतं.

क्षेत्रफळात मात्र मोठी माणसंही पडतात. आमच्या इंदुरात प्लॉट फुटांत विकतात: पंधरा बाय पन्नास, वीस बाय पन्नास. कागदोपत्री चौरस मीटर लागतात. वीस बाय पन्नास म्हणजे १००० चौ. फूट. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट, म्हणून १००० ला ३.२८ ने भागून कुणीतरी ३०५ चौ. मीटर सांगतं. खरं उत्तर सुमारे ९२.९ आहे. लांबी एकदा बदलते आणि रुंदीही एकदा बदलते, म्हणून भागही दोनदा जातो: एका चौ. मीटरात १०.७६४ चौ. फूट. पटत नसेल तर आधी बाजू बदलून बघा, ६.०९६ मी. आणि १५.२४ मी., आणि मग गुणा. मुलांना यासाठी आलेखाच्या कागदावर एक सेंटिमीटर बाजूचा चौकोन काढायला लावा आणि आतले मिलिमीटरचे छोटे चौकोन मोजायला सांगा. दहा नाही, शंभर निघतात. घनात हाच घोळ तिसऱ्यांदा होतो. एका घनमीटरात १००० लिटर पाणी मावतं आणि दहा लाख घन सेंटिमीटर, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, यावर आठवीची मुलंसुद्धा सहज विश्वास ठेवत नाहीत.

"एवढ्याशा चुकीने काय होतं" म्हणणाऱ्या मोठ्या मुलांना मी जुलै १९८३ मधलं एअर कॅनडाचं विमान सांगते. कॅनडा तेव्हा नुकताच किलोमध्ये येत होता. टाकीत सुमारे ७७०० लिटर इंधन होतं. त्याचे किलो करायला सुमारे ०.८ ने गुणायचं, तर सवयीने पौंडांचा आकडा, १.७७, वापरला गेला. हिशोबात इंधन दुपटीहून जास्त दिसलं, म्हणून आणखी सुमारे २०,००० लिटर हवं असताना ५००० च्या आसपास भरलं. हवेतच इंधन संपलं. वैमानिकांनी इंजिनं बंद पडलेलं विमान तरंगत आणून गिमली या जुन्या धावपट्टीवर उतरवलं आणि सगळे वाचले. आकड्याशेजारी किलो किंवा पौंड एवढा एक शब्द लिहून हिशोब मांडला असता तर चूक कागदावरच दिसली असती.

सराफ्यातलं एक घरगुती उदाहरणही असंच. आजीच्या बांगड्या अडीच तोळ्यांच्या आहेत असं घरात सांगतात. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे सुमारे २९.१६ ग्रॅम. आज बाजारात तोळा म्हणतात तो दहा ग्रॅमचा, म्हणजे २५ ग्रॅम. चार ग्रॅमहून जास्तीचा फरक. वजनकाट्याकडे बघून "कमी कसं?" किंवा "जास्त कसं?" विचारण्याआधी तोळा कोणता ते विचारावं.

एक तास पंधरा मिनिटं म्हणजे १.१५ नाही

इंदूर ते उज्जैन साधारण ५५ किमी. गाडीला सव्वा तास लागला, वेग किती? १ तास १५ मिनिटं हे १.१५ लिहून ५५ ला भागलं की सुमारे ४७.८ येतं. खरं उत्तर ५५ ÷ १.२५ = ४४. पंधरा मिनिटं म्हणजे साठातले पंधरा, म्हणजे पाव, म्हणजे ०.२५. फूट-इंचाचंही हेच. ५ फूट ६ इंच म्हणजे ५.६ नव्हे, ५.५. आणि ५ फूट १० इंच म्हणजे सुमारे ५.८३. टिंब दिसलं की पुढचा आकडा दहावा भाग असतो, साठावा किंवा बारावा नाही.

तापमानात वेगळीच गंमत आहे. ४० अंश सेल्सियस म्हणजे १०४ फॅरनहाइट, ३० म्हणजे ८६. मग पाऊस पडून तापमान १० अंश सेल्सियसने उतरलं तर फॅरनहाइटमध्ये किती उतरलं? मूल सूत्रात १० घालतं आणि ५० सांगतं. बरोबर उत्तर १८. फरक काढताना ते ३२ दोन्हीकडचे कटून जातात, नुसतं ९/५ ने गुणायचं. आणि −४० ला दोन्ही मापं एकच आकडा दाखवतात. उणे चिन्ह आणि अपूर्णांक एकत्र घोटून घ्यायला हे गणित झकास आहे.

कॅल्क्युलेटरने काढलं तरी चुकतंय

बरोबर उत्तराला एक गुण आणि चुकलेल्याला पाव गुण वजा, अशा परीक्षेत ६२ बरोबर आणि २६ चूक. गुण किती? फोनवर ६२ − २६ ÷ ४ टाकलं की ५५.५ येतं. तेच बटणं दाबून दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर ९ येतं! साधा कॅल्क्युलेटर आलेली क्रिया तिथल्या तिथे उरकतो: आधी ६२ − २६ = ३६, मग ÷ ४ = ९. भागाकार आधी करायचा हे त्याला माहीत नाही. अशा यंत्रावर २६ ÷ ४ आधी काढून लिहून ठेवावं.

एक्सेल वापरणाऱ्यांसाठी एक: =-३^२ हे तिथे ९ येतं, कारण एक्सेल उणे चिन्ह आधी लावतं. शाळेच्या नियमाने आणि सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर ते −९ आहे, कारण वर्ग फक्त तीनचा. मुलगा म्हणत असेल "पप्पांच्या कॉम्प्युटरवर ९ आलं", तर तो खोटं बोलत नाही. कंस घालून (−३)² की −(३²) हे लिहायला लावा, वाद मिटतो.

घरी तपासायला आठ प्रश्न

परीक्षा आहे असं सांगू नका, कच्च्या वहीत सहज सोडवायला द्या आणि चुकीचं उत्तर नीट बघा.

१/२ + १/४ चं २/६ आलं तर छेद मिळवले जातायत. ७ पूर्णांक १/३ − ४ पूर्णांक २/३ चं उत्तर २ पूर्णांक २/३ आहे, ३ पूर्णांक १/३ आलं तर मोठ्यातून छोटा चालू आहे. ६ ÷ १/३ हे १८, दोन आलं तर "भाग" म्हणजे "छोटं कर" असं समजलंय. −४ − ९ हे −१३, नुसतं १३ आलं तर मंत्राचा प्रताप. ८ − (३ − १०) हे १५, −५ आलं तर उणे कंसाच्या दारातच अडलं. −३ पूर्णांक १/२ + १ पूर्णांक १/४ हे −२ पूर्णांक १/४, आणि −२ पूर्णांक ३/४ आलं तर उणे अर्ध्यापर्यंत पोचलेलं नाही. २ चौ. मीटरचे चौ. सेंटिमीटर २०,०००, दोनशे आलं तर एकच बाजू बदलली.

आठवा: १ तास २० मिनिटांत ६० किमी, वेग किती? ताशी ४५ किमी. ५० आलं तर वीस मिनिटांना ०.२ तास मानलंय, त्याला घड्याळाचे तृतीयांश करून दाखवा. ८० आलं तर वेळ ४/३ तास बरोबर काढलीय, पण भागण्याऐवजी गुणलंय, त्याला परत दुधाच्या थैल्यांकडे न्या.